पिवळा रुमाल आणि लालबुंद फॅन्स

क्वार्टरबॅकने चाळीस यार्डांचा पास फेकलाय, रिसिव्हरने तो उडी मारून झेललाय आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलंय. तेवढ्यात मागे कुठेतरी गवतावर रुमालाएवढं एक पिवळं फडकं पडलेलं दिसतं. आरडाओरडा अर्ध्यावर थांबतो. सगळे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेल्या रेफरीकडे बघायला लागतात. तो माइक चालू करून सांगणार, की मघाशी तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत ते धरायचं की विसरायचं.

तुम्ही एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग बघत असाल, तर हा क्षण तुम्हाला पाठ असेल. बघत नसाल तरी ओळखीचा वाटेल. ‘अंपायर्स कॉल’वरून आपल्याकडे होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये जी भांडणं होतात, तसलीच भांडणं तिथे एकेका सामन्यात दहा-बारा वेळा होतात. आणि काही वेळा त्यातलं एखादं भांडण वर्षानुवर्षं मिटत नाही.

न पडलेला फ्लॅग

२० जानेवारी २०१९. न्यू ऑर्लीन्सचं सुपरडोम. सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स. जो जिंकेल तो सुपर बोलमध्ये. स्कोअर २०-२०, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझने उजव्या कडेला टॉमीली लुईसकडे पास टाकला. बॉल पोचायच्या आधीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन लुईसवर जाऊन आदळला. याला म्हणतात पास इंटरफिअरन्स. नियम शिकवताना उदाहरण म्हणून दाखवावा असा फाऊल. फ्लॅग मात्र पडलाच नाही.

तो पडला असता तर सेंट्सना गोल लाइनजवळ नवा फर्स्ट डाऊन मिळाला असता, घड्याळ संपवत आणून शेवटच्या क्षणी किक मारता आली असती. त्याऐवजी त्यांनी लगेच फील्ड गोल घेतला, २३-२० झाले. पण रॅम्सकडे वेळ शिल्लक होता. त्यांनी बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये ५७ यार्डांवरून किक मारून सामना २६-२३ असा जिंकला.

पुढचं ऐकाल तर डोकं आणखी फिरेल. लीगच्या अधिकाऱ्यांनी फोनवर चूक मान्य केल्याचं सेंट्सचे कोच शॉन पेटन यांनी पत्रकारांना सांगितलं. हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याबद्दल लीगने रोबी-कोलमनला २६ हजार डॉलर्सहून जास्त दंडही केला. म्हणजे ज्या धडकेबद्दल दंड झाला, तिला सामन्यात शिक्षाच नव्हती. चिडलेले फॅन्स कोर्टात गेले. त्याच वर्षी लुइझियानाच्या सुप्रीम कोर्टाने तो खटला निकाली काढला. सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या ‘टाइम्स-पिकायून’ या दैनिकाचं पहिलं पान जवळपास कोरं होतं. सुपर बोल? कसला सुपर बोल? एवढाच काय तो प्रश्न.

ब्रीझ तेव्हा नुकताच चाळिशीचा झाला होता. २०२१मध्ये तो रिटायर झाला. तोवर सुपर बोलची वाट त्याला पुन्हा सापडली नाही. ‘एका कॉलवर कशाला एवढं रडायचं?’ असं कुणी विचारलं, तर न्यू ऑर्लीन्सच्या माणसाला हे उत्तर पुरतं.

रिप्ले आणला, तरी तेच

यावर तुम्ही म्हणाल, रिप्ले बघायचा ना! लीगनेही तेच केलं. २०१९च्या मोसमात पास इंटरफिअरन्स चॅलेंज करायची सोय आली. दिलेला फ्लॅग असो की न दिलेला, कोचने लाल फ्लॅग टाकायचा आणि निर्णय न्यूयॉर्कच्या रिप्ले सेंटरमधून व्हायचा. झालं काय, तर बहुतेक चॅलेंज फेटाळली गेली. टीव्हीवर ढळढळीत दिसणारी ढकलाढकली ‘पुरेशी स्पष्ट नाही’ ठरायची. किती स्पष्ट म्हणजे पुरेसं स्पष्ट, हे ना कोचेसना कळलं ना फॅन्सना. एका मोसमात तो नियम गुंडाळावा लागला.

इथेच या सगळ्याचं मूळ आहे. बॉल लाइनच्या अलीकडे होता की पलीकडे, हे कॅमेरा सांगू शकतो. २०२५च्या मोसमापासून तर फर्स्ट डाऊन मोजायला एनएफएलने आपल्या ओळखीचं हॉक-आय आणलं. पण मोजण्याआधी बॉल नेमका कुठे ठेवायचा, हे अजून माणूसच ठरवतो. आणि समोरच्याचा शर्ट किती ओढला म्हणजे ‘फार’ ओढला, याला तर कुठलीच पट्टी नाही. अशी ओढाओढ जवळपास प्रत्येक प्लेमध्ये होते. सगळी पकडायची ठरवली तर सामना संपणारच नाही. मग काही पकडायची, काही सोडायची. कुठली? तिथे भांडण सुरू होतं.

कॉल बरोबर, तरी राग

फेब्रुवारी २०२३चा सुपर बोल घ्या. कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स, ३५-३५, दोनेक मिनिटं बाकी. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीवर होल्डिंगचा फ्लॅग पडला. चीफ्सना नवा फर्स्ट डाऊन मिळाला, त्यांनी घड्याळ जवळपास संपवलं आणि किक मारून ३८-३५ने कप नेला. सामन्यानंतर ब्रॅडबेरीने सरळ कबूल केलं, की हो, मी जर्सी ओढली होती.

मग विषय संपायला हवा होता ना? नाही संपला. फॅन्सचं म्हणणं होतं, संध्याकाळभर एवढं-तेवढं सोडून देत होतात, मग शेवटच्या दोन मिनिटांतच नियमपुस्तक का आठवलं? हा राग नीट ऐकला तर लक्षात येतं, की तो एका फ्लॅगवर नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये जे चालतं ते चौथ्यातही चालावं, नाहीतर दोन्हीकडे चालू नये, एवढीच ती मागणी आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये न पडलेला फ्लॅग आणि इथे पडलेला फ्लॅग, दोन्हींमागची तक्रार एकच आहे.

अर्थात, फॅन्स दर वेळी बरोबर असतात असंही नाही. डिसेंबर २०२३मध्ये बफेलोविरुद्ध चीफ्सचा भन्नाट टचडाऊन रद्द झाला, कारण कडारियस टोनी प्लेच्या आधीच लाइनच्या पुढे उभा होता. फोटोत स्वच्छ दिसत होतं. तरी पॅट्रिक महोम्स बाजूलाइनवर थयथयाट करत होता आणि फॅन्स त्याच्या सुरात सूर मिसळत होते. नंतर महोम्सनेच आपल्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला.

पैसा आला, संशय आला

मे २०१८मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने राज्यांना स्पोर्ट्स बेटिंग कायदेशीर करायची मुभा मिळाली. आता लीगचेच अधिकृत बेटिंग पार्टनर आहेत. त्यामुळे फ्लॅग पडला की नुसतं मन मोडत नाही, कुणाचा तरी खिसाही हलका होतो. मग ‘चुकले’ या शब्दाची जागा ‘मॅनेज केलं’ पटकन घेतो.

२०२५च्या जानेवारीत चीफ्सनी बफेलोला ३२-२९ असं हरवलं. त्यात जॉश ॲलनच्या एका फोर्थ डाऊनवर बॉल नेमका कुठवर गेला, यावरून वाद पेटला आणि रेफरी चीफ्सचेच आहेत ही बोंब देशभर झाली. कमिशनर रॉजर गुडेल यांना ती थिअरी हास्यास्पद असल्याचं सांगावं लागलं. पुरावा कुणीच दिला नाही, आणि दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये ईगल्सनी त्याच चीफ्सना ४०-२२ असं धुतलं. पण संशयाला पुरावा लागतोच असं कुठे आहे?

पट्टेवाल्यांचंही ऐकू या

मैदानावर बावीस खेळाडू, सात अधिकारी आणि काही सेकंदांचा एक प्ले. स्लो मोशन तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे तो क्षण एकदाच येतो. आणि यातल्या बहुतेकांची दुसरी नोकरी किंवा व्यवसायही असतो.

ही माणसं नसली तर काय होतं, तेही फॅन्सनी पाहिलंय. २०१२मध्ये पगार-पेन्शनच्या वादात लीगने त्यांना बाहेर ठेवलं आणि बदली रेफरी आणले. २४ सप्टेंबरला सिएटल-ग्रीन बे सामन्याच्या शेवटच्या प्लेवर एण्ड झोनमध्ये शेजारी शेजारी उभ्या दोन अधिकाऱ्यांनी एकाच कॅचवर दोन वेगवेगळे इशारे केले. सिएटल १४-१२ने जिंकलं, देशभर गदारोळ झाला आणि दोन दिवसांत समझोता झाला. नेहमीचे रेफरी बाल्टिमोरमध्ये मैदानात उतरले, तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हो, रेफरींसाठी!

मग करायचं काय? चुका शून्यावर येणार नाहीत, हे फॅन्सनाही कळतं. पण सामन्यानंतर रेफरीला प्रश्न विचारायची संधी सहसा एकाच प्रतिनिधी पत्रकाराला मिळते आणि उत्तरंही दोन-चार ओळींचीच असतात. ‘आम्हाला असं दिसलं, म्हणून आम्ही असं ठरवलं’ हे मोकळेपणी सांगितलं, तर राग जाणार नाही कदाचित, पण संशयाला जागा कमी उरेल.

सुपर बोल आपल्याकडे फेब्रुवारीतल्या सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. जागे राहणार असाल, तर खालची चौकट कापून ठेवा.

फ्लॅग पडला, म्हणजे काय झालं?

फॉल्स स्टार्ट: प्ले सुरू व्हायच्या आधीच आक्रमण करणारा खेळाडू हलला. ५ यार्ड मागे.

होल्डिंग: समोरच्याला धरून ठेवलं. आक्रमणाने केलं तर १० यार्ड मागे. बचावाने केलं तर ५ यार्ड आणि समोरच्याला नवा फर्स्ट डाऊन.

पास इंटरफिअरन्स: बॉल येण्याआधीच रिसिव्हरला अडवलं. बचावाने केलं तर जिथे फाऊल झाला तिथेच बॉल मिळतो. म्हणूनच हा कॉल सगळ्यात महाग.

रफिंग द पासर: क्वार्टरबॅकला नियमाबाहेर आपटलं. १५ यार्ड आणि नवा फर्स्ट डाऊन. यावर वाद ठरलेलाच.

लाल फ्लॅग: हा कोच टाकतो, रिप्लेसाठी. चॅलेंज हरला तर एक टाइमआऊट गेला.