आधी सुई, मग सुरी

स्तनात गाठ लागली की आमच्या आयाबहिणींपुढे दोनच गोष्टी उरतात : लपवणे, नाहीतर कापणे. नीरेकाठच्या बावड्यापासून बारामतीपर्यंतच्या ऊसपट्ट्यात खुरपणीला जाणारी बाई लाजेपोटी गाठ सांगत नाही. सांगितलीच, तर ‘काढून टाका’ या एका शब्दावर तिने मान डोलवावी अशी अपेक्षा असते. या दोहोंच्या मधल्या वाटेचे नाव तपासणी. ती वाट माहीत असणे हा तिचा हक्क आहे.

स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण साधी कोणती आणि घातक कोणती, हे नुसत्या हाताला कळत नाही. म्हणून वैद्यकशास्त्राने तीन पायऱ्या सांगितल्या : डॉक्टरांनी हाताने तपासणे, सोनोग्राफी किंवा चाळिशीनंतर मॅमोग्राफी, आणि गरज असेल तर सुईची बायोप्सी. बारीक सुईने फक्त पेशी ओढतात, ती एफएनएसी. ती स्वस्त आणि झटपट, पण तिच्यावरून सगळे कळतेच असे नाही. जाड सुईच्या बायोप्सीत जागा बधिर करून गाठीचे बारीक तुकडे घेतात. निदान अधिक पक्के होते. बाई त्याच दिवशी घरी जाते. सुई लागली की साध्या गाठीचा कॅन्सर होतो, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

तरुण मुलींत आढळणारी, बोटाखाली सटकणारी फायब्रोॲडिनोमाची गाठ तपासणीत साधी ठरली, तर ती काढलीच पाहिजे असे नाही. काही महिन्यांनी पुन्हा तपासून लक्ष ठेवता येते. वाढत असेल, त्रास देत असेल किंवा बाईलाच नको असेल, तर काढावी. पाण्याची साधी गाठ दुखत असेल तर सुईने पाणी काढून भागते. पाणी रक्ताळलेले निघाले किंवा गाठ उरली, तर पुढची तपासणी हवी. उलट फायलॉइड्स गाठ किंवा पेशींची विकृत वाढ आढळली, तर कॅन्सर नसतानाही शस्त्रक्रिया लागते. सोनोग्राफी एक सांगते आणि बायोप्सी दुसरेच, असे झाले तर बायोप्सी पुन्हा करावी. आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीत गेलीच पाहिजे.

हा आग्रह आम्ही उगाच धरत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. त्यातल्या किती शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या? याच बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या फडात येतात. श्रमिक बाईच्या अंगावर सुरी किती सहज चालते, हे यावरून दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे की, जीव वाचवण्याची तातडी नसेल तर तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून आहे. तिथवर जाण्यात बावड्याच्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच वस्तीतल्या महिला मंडळांनी तिच्यासोबत जावे, आणि डॉक्टरांना तीन सवाल विचारायला तिला शिकवावे : बायोप्सी झाली का? अहवाल काय सांगतो? न कापता चालेल का? अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि ती रेशनकार्डाइतकीच जपून ठेवावी.