समुद्र आपला कोण लागतो?



बालाघाटच्या माणसाने समुद्रावर बोलावे, याचे काहींना हसू येईल. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो एखाद्या सहलीत. पाय भिजवले, शिंपले वेचले आणि परतीची गाडी पकडली. दर वर्षी ८ जूनला जागतिक महासागर दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २००८ साली तसा ठराव केला आणि २००९ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे त्या सुमारास सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. माझे म्हणणे एवढेच, की तेव्हाही आपण समुद्राचीच वाट पाहत असतो.

आपल्या भागातला बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरावर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतो. ते पश्चिमेकडे सरकत आले, की आपल्या धानाच्या बांध्या भरतात. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला चिन्नोर तांदूळ याच पावसाची कृपा. पण हे पाणी इथे मुक्कामाला राहत नाही. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा आपल्या घाटावरून भंडारा, गडचिरोलीकडे जाते, वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि आंध्रच्या किनाऱ्यावर पुन्हा त्याच उपसागरात पोचते. पाणी जिथून आले तिथेच परत जाते. प्रश्न एवढाच, की परत पाठवताना आपण त्यात काय घालतो?

गोदावरीच्या मुखाजवळ, काकीनाडापाशी, कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे. तिथल्या होप बेटाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले आपली आपण पाण्याकडे धावतात. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ती गिळली, की आतड्यात अडकते आणि जनावर उपाशी मरते.

आता थोडे माझ्या दवाखान्याविषयी. तिथल्या कपाटातही समुद्र आहे. कॅल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्यापासून, नेट्रम मूर मिठापासून, स्पंजिया भाजलेल्या समुद्री स्पंजापासून. जळलेला स्पंज गलगंडावर देण्याची चाल युरोपात फार जुनी. १८११ साली कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले आणि पुढे त्या चालीमागचे कारण उलगडले. आपल्या मिठात आज आयोडीन घालतात, तेही त्याचसाठी. सेपिया हे औषध कटलफिश नावाच्या जलचराच्या शाईपासून होते. विद्यार्थी असताना हे कळले, तेव्हा माझ्या जैन मनाला ते बोचले होते. समुद्राचे आपण देणे लागतो, ही जाणीव तेव्हाची.

पण मी ते फेडले कसे? पूर्वी रोगी काचेची बाटली धुऊन परत आणत. मग एका ड्रॅमच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. स्वस्त आणि न फुटणाऱ्या. मी खुशाल वाटल्या. काही वर्षांपूर्वी पूर ओसरल्यावर नदीकाठी फिरताना गाळात तशी एक बाटली दिसली. चिठ्ठीवरचे अक्षर पुसट झाले होते, तरी ओळखले. माझेच होते. वाटेत गोसीखुर्दसारखी धरणे आहेत, सगळेच वाहून जात नाही, हे खरे. पण पुरात दरवाजे उघडावेच लागतात.

याला उपाय नाही असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. तिथल्या किनाऱ्यावरही ही कासवे येतात आणि त्यांची अंडी माणसे व कुत्री उकरून नेत. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात पुन्हा पुरायची, पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडायची. त्यातूनच पुढे कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचे जेवतात आणि पिल्लांची ती पहिली धाव दुरून पाहतात. कासव वाचले आणि गावातल्या चुलींनाही आधार झाला.

कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात. त्याआधी ऐन पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कारण समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचा तो काळ. आता १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदीही असते. आमचे साधू-साध्वी याच पावसात चातुर्मासासाठी एका गावी थांबतात, पावलाखाली जीव जाऊ नये म्हणून. आहार वेगळा, धर्म वेगळा. पण थांबणे दोघांनाही ठाऊक आहे. नारळी पौर्णिमा हे त्या थांबण्याचे पारणे होय. नुसता नारळ वाहून भागत नाही.

आपणही थोडे थांबू या. गणपती शाडूचा आणावा, विसर्जन कुंडात करावे. निर्माल्य पिशवीसकट नदीत टाकू नये. मुदत संपलेली औषधे मोरीत ओतू नयेत. आणि माझ्या रोग्यांनी रिकामी बाटली परत आणावी. आणल्याशिवाय दुसरी मिळत नाही, हे आता त्यांना ठाऊक झाले आहे.

समुद्र आपला कोण लागतो? नदीचे सासर समुद्र, असे आपण पूर्वापार म्हणत आलो. वैनगंगा आपली लेक. मग समुद्र आपला व्याही झाला. तो दर पावसाळ्यात न चुकता आहेर पाठवतो. लेकीची पाठवणी ओटी भरून करतात, तिच्या पदरात केरकचरा बांधून नव्हे.