एका पायाची साक्ष

धाकट्या भावाच्या पायाचं प्लास्टर सहा आठवड्यांनी कापलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. करवतीचा आवाज थांबला, प्लास्टरची दोन शकलं बाजूला झाली आणि आतून जो पाय निघाला तो पाहून आम्ही दोघंही गप्प झालो. कातडी कोरडी, पोटरी लोंबल्यासारखी सैल. "दादा, हा माझाच पाय आहे ना?" त्याने विचारलं. टेप लावली तर दोन पोटऱ्यांत दीड इंचाचा फरक. दोन्ही पायांना घरचं तेच वरण-भात मिळत होतं, दोघांत रक्तही तेच फिरत होतं आणि आई-वडिलांकडून आलेली जनुकंही तीच होती. पण एक पाय राबत होता, दुसरा पडून होता.

हा फरक शास्त्रज्ञांनी फार बारकाईने तपासला आहे, आणि योगायोग असा की तेही एका पायावरच. १९६६ साली स्टॉकहोममध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोन संशोधक एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना बसले. प्रत्येकाने एकच पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्याला विश्रांती दिली आणि थकून जाईपर्यंत पेडल मारलं. मग मांडीत सुई घालून दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढले. पुढचे तीन दिवस पिष्टमय आहार घेत ते हे नमुने काढत राहिले. दमलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला. माणूस एकच, जेवणही एकच, पण साठा केला तो फक्त राबलेल्या पायाने.

जवळजवळ अर्धशतकानंतर त्याच शहरातल्या कॅरोलिन्स्का संस्थेने हीच युक्ती जनुकांसाठी वापरली. २३ निरोगी तरुण-तरुणींना एका पायाने गुडघा ताठ करण्याचा व्यायाम दिला: दर वेळी ४५ मिनिटं, आठवड्यातून चार वेळा, तीन महिने. दुसरा पाय तुलनेसाठी राखून ठेवला. एरवी अशा अभ्यासात वय, आहार, झोप, ताण असे शंभर घटक लुडबुड करतात. इथे ते सगळे दोन्ही पायांना सारखेच होते. माझ्या मते या विषयातला इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम केलेल्या पायाच्या स्नायूत डीएनएवरच्या सुमारे पाच हजार ठिकाणच्या खुणा बदलल्या होत्या आणि सुमारे चार हजार जनुकांचं काम कमी-जास्त झालं होतं.

या 'खुणा' म्हणजे काय? घरातली जाड पोथी डोळ्यांसमोर आणा. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची ही अख्खी पोथी असते, त्यात प्रथिनं घडवणारी सुमारे वीस हजार जनुकं. पण डोळ्यातली पेशी आपले अध्याय वाचते आणि मांडीतली पेशी आपले. कोणतं पान उघडायचं आणि कोणतं चिकटवून ठेवायचं हे ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे मिथाइल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा चिमुकला तुकडा. जनुकाच्या सुरुवातीपाशी असे तुकडे दाटीने बसले की ते जनुक बहुधा मुकं होतं. ते हटले की बोलू लागतं. पोथीतलं अक्षर व्यायामाने बदलत नाही. बदलतं ते पारायण.

स्नायू आकसतो तेव्हा पेशीत कॅल्शियम सुटतं आणि ऊर्जेचा साठा घटतो. ही चणचण ओळखणारी प्रथिनं जागी होतात आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. तिथे पीजीसी-१ अल्फा नावाचं जनुक कामाला लागतं. ते तंतुकणिका, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, वाढवायला लावतं. २०१२ मध्ये कॅरोलिन्स्काच्याच युलीन झिएराथ यांच्या गटाने दाखवलं की, बैठं आयुष्य जगणाऱ्या माणसांनी एकदाच सायकल चालवली तरी या जनुकावरच्या मिथाइल खुणा कमी होतात, आणि व्यायाम जोरकस असेल तर हा परिणाम अधिक दिसतो. म्हणजे सुरुवात पहिल्याच दिवशी होते. उंदरांच्या स्नायूंवर कॅफिननेही असाच परिणाम झाला, पण ती मात्रा कपातल्या कॉफीच्या कितीतरी पट होती. तेव्हा कॉफीवर भागवू नये.

जन्माने मिळालेलं आणि व्यायामाने कमावलेलं यांतल्या फरकाची आपल्याकडची एक ठसठशीत गोष्ट पुण्याची आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचेच आकडे छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांनी स्वतःचं जन्मवजन कमी होतं हेही नोंदवलं आणि युडकिन मॅरेथॉन धावतात हेही. जन्माआधीचं पोषण आपल्या हातात नसतं. धावणं असतं. वजनकाटा ठीक आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येक बारीक मराठी माणसाने हे आकडे लक्षात ठेवावेत.

व्यायामाने जनुकांचं काम बदलतं, तशी उलट दिशाही तितकीच खरी आहे. डेन्मार्कमध्ये २० निरोगी तरुणांना नऊ दिवस बिछान्यात पडून राहायला सांगितलं. साडेचार हजारांहून अधिक जनुकांचं काम बदललं आणि नंतरच्या चार आठवड्यांच्या व्यायामानेही ते पूर्णपणे पूर्वपदावर आलं नाही. स्टॉकहोमच्या त्या एका पायालाही पुढे नऊ महिने विश्रांती दिली, तेव्हा जनुकांच्या कामावरून कोणता पाय कधीकाळी राबला होता हे ओळखू येईना. वजन उचलण्याच्या व्यायामात मात्र थोडी आठवण उरते. २०१८ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात सात आठवडे व्यायाम, सात आठवडे विश्रांती आणि पुन्हा सात आठवडे व्यायाम असा क्रम ठेवला होता. दुसऱ्या फेरीत स्नायू पहिल्यापेक्षा जास्त वाढले, आणि डीएनएवरच्या काही खुणा विश्रांतीच्या काळातही टिकून होत्या.

"आमच्या घराण्यातच शुगर आहे," हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, जिलेबीचं ताट पुढे ओढताना, अनेकदा ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्यांना मला स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा अभ्यास सांगायचा आहे. तिथे पस्तिशीच्या आसपासचे २३ पुरुष निवडले. सगळे निरोगी पण व्यायामाची सवय नसलेले, आणि त्यांतल्या काहींच्या घरी मधुमेह होता. सहा महिन्यांच्या व्यायामानंतर त्यांच्या चरबीच्या ऊतींत सात हजारांहून अधिक जनुकांवरच्या मिथाइल खुणा बदललेल्या आढळल्या. त्यांत मधुमेहाशी नातं सांगणारी जनुकंही होती. त्यांना आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या वर्गाला यायला सांगितलं होतं. ते सरासरी १.८ वेळाच आले होते.