पेंढी कितीला, याच्या पुढचा प्रश्न

दिवाळी उरकली की आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून, जालन्याकडून. गावाबाहेर माळावर कोप्या उभ्या राहतात. पुढचे पाच महिने त्या बाया आपल्या नळावर पाणी भरतात, आपल्या दुकानात तेल-मीठ घेतात, संध्याकाळी रस्त्याकडेला वाढं विकायला बसतात. आपण त्यांना काय विचारतो? "पेंढी कितीला?" आणि त्यानंतर, "कालच्यापेक्षा बारीक बांधलीय की गं."

गटाच्या बैठकीत एकदा विषय निघाला, तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकीलाही त्यातल्या एका बाईचं नाव माहीत नव्हतं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशवीच्या ऑपरेशनची बातमी गाजली, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ते सगळं आम्ही पेपरात वाचलं. ज्यांच्याबद्दल वाचलं, त्यांच्याकडून त्याच संध्याकाळी वाढं घेतलेलं असणार.

मग संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेऊन कोप्यांवर गेलो. सोबत वहीही नेली, आणि तिथंच चुकलं. नाव काय, वय किती, मुलं किती, शिक्षण किती. उत्तरं आली एकेका शब्दाची. त्यात आमच्यातल्या एकीनं घाईघाईनं विचारलं, "तुमचीपण पिशवी काढलीय का हो?" समोरच्या बाईनं पदर पुढे ओढला आणि चुलीकडे तोंड फिरवलं. दुसरी म्हणाली, "हे लिहून कुणाला देणार? मुकादमाला कळंल का?" उत्तर आमच्याकडे नव्हतं. तिळगूळ देऊन परत आलो.

बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. काहीजणी म्हणाल्या, आपण चांगल्या मनानं गेलो होतो. खरंय. पण खोल विचारणं वेगळं आणि खोदून विचारणं वेगळं. पिशवीचा प्रश्न ऐकायला खोल वाटतो, पण तो आम्हाला हवा होता, तिला नाही. पेपरातली बातमी खरी की खोटी, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

आपले रोजचे प्रश्नही तसेच असतात. एसटीत शेजारी बाई बसली की आपण सुरू करतो: कुठल्या तुम्ही? कुणाच्या? मालक काय करतात? मुलंबाळं किती? आपल्याला वाटतं, ओळख काढतोय. जिचा नवरा गेलाय, जिला टाकलंय, जिला मूल नाही, तिला चौथ्या प्रश्नापर्यंत खिडकीबाहेर बघावंसं वाटतं. आमच्याच गटातली एक बाई त्या दिवशी म्हणाली, की मुलांच्या प्रश्नामुळे तिनं लग्नाला जाणंच कमी केलंय. दहा वर्षं ती आमच्याबरोबर बचत भरतेय आणि आम्हाला हे त्या दिवशी कळलं.

पंधरा दिवसांनी परत गेलो, या वेळी वही न घेता. पेंढ्या बांधायचं काम चाललं होतं, तिथंच बसलो. आमच्यातल्या म्हाताऱ्या काकूंनी एक मोळी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "ही डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना तोल कसा सांभाळता गं? माझे तर पाय लटलटतील." बायका हसल्या. एकीनं उठून दाखवलं, चुंबळ कशी ठेवायची, पाऊल कसं तिरकं टाकायचं. आपल्याला जे येत नाही ते समोरच्या बाईला येतं, असं मानून विचारलं की तीही सैल होते.

काकूंनी पुढे आपलं सांगितलं. तरुणपणी त्या खुरप्याला जायच्या तेव्हा लेकराला बांधावर झोळीत ठेवत आणि सारखं लक्ष तिकडे. मग विचारलं, "तुम्ही पहाटे निघता तेव्हा लेकरू कुणाजवळ राहतं?" प्रश्न साधाच होता. पण त्यावर ती बाई अर्धा तास बोलली. नऊ वर्षांची थोरली सांभाळते, म्हणून थोरलीची शाळा सुटली. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात येते. एक दिवस अंग मोडून आलं तरी खाडा धरून पैसे कापतात, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. दुखणं कसलं, ते आम्ही विचारलं नाही. ते तिनंच सांगितलं, नंतर, काकूंच्या कानाशी. ते इथं सांगणार नाही.

मधे ती दोनदा गप्प झाली. आमच्यातल्या एकीला लगेच धीर द्यायचा होता, काकूंनी तिचा गुडघा दाबला. गप्प बाईला आपण फार लवकर बोलतं करायला जातो. आणि "होईल सगळं नीट" म्हणायची सवय आपण सगळ्यांनीच सोडायला हवी. त्या वाक्यावर समोरचीला फक्त मान हलवता येते.

बोलता बोलता त्यांनीही विचारलं, बाई डॉक्टर कुठल्या वारी असते, किराणा इतका महाग का पडतो. रेशन आपल्या गावाकडेच राहतं, असं त्या धरून बसल्या होत्या. आता कार्ड कुठलंही असलं आणि आधार जोडलेलं असलं, की इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. घरातल्यांनी थोडं तिकडे, थोडं इकडे उचललं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर दुकानात गेल्या. दुकानदारानं आधी नाही म्हटलं, मग मशीन काढलं. वहीतल्या पंचवीस प्रश्नांत रेशनचा प्रश्न आम्ही घातलाच नव्हता.

निघताना त्या थोरल्या मुलीची आई म्हणाली, "आमचं समदं इचारलंत. आता तुमचं सांगा. गटाचं कर्ज तुमच्या नावावर निघतं ना? मग पैसा कुणाच्या हातात राहतो, तुमच्या का मालकाच्या?"

आम्ही सातजणी होतो. एकमेकींकडे बघितलं. काकू पहिल्यांदा बोलल्या, मग दुसरी, मग तिसरी. घरी पोचायला आम्हाला साडेआठ झाले.