चाळीस कप्पे, पत्ता एकच

समजा, वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत आणि विषय पाच. कागदावर आपण गुणांचा तक्ता आखतो, तसाच तो जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत आखायचा आहे. सुरुवातीला प्रत्येक चौकटीत शून्य.

अनेक मूल्ये एका नावाखाली क्रमाने ठेवणाऱ्या रचनेला ॲरे म्हणतात. तिच्यातल्या कप्प्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणून पाच विषयांचे कप्पे ० ते ४. ते भरायला लूप वापरायचा: एक चल शून्यावर ठेवायचा, तो पाचपेक्षा लहान असेपर्यंत त्या क्रमांकाच्या कप्प्यात शून्य लिहायचे आणि चल एकाने वाढवायचा. ‘पाचपेक्षा लहान’ऐवजी चुकून ‘पाच किंवा त्याहून लहान’ लिहिले, तर जावास्क्रिप्ट तक्रार न करता सहावा कप्पा तयार करते. हा उदारपणा आम्हांला फारसा पसंत नाही. चूक उशिरा लक्षात येते.

आता चाळीस ओळी. मोठ्या ॲरेच्या प्रत्येक कप्प्यात पाच कप्प्यांचा एक ॲरे ठेवायचा. २०१५ साली या भाषेच्या प्रमाणित रूपात ‘फिल’ नावाची सोय आली. ‘सगळ्या कप्प्यांत हे भर’ असे तिला एका ओळीत सांगता येते. मग लूपचा खटाटोप कशाला?

प्रयोग करून पाहू. पाच शून्यांचा एक ॲरे करून फिलने तो चाळीस कप्प्यांत भरा. पहिल्या विद्यार्थ्याच्या गणिताच्या चौकटीत ७२ लिहा आणि सारा तक्ता पडद्यावर मागवा. चाळीसही जणांना गणितात ७२!

कप्प्यात संख्या ठेवली, की ती संख्याच तेथे जाते. म्हणून नुसती शून्ये भरायला फिल उत्तम. ॲरे ठेवला, की मात्र तो संगणकाच्या स्मृतीत कोठे आहे याचा जणू पत्ता तेवढा कप्प्यात जातो. आपण फिलला एकच ॲरे दिला. तिने त्याचा पत्ता चाळीस वेळा उतरवला. कोणत्याही कप्प्यातून गेलो तरी आपण त्याच ॲरेपाशी पोचतो.

म्हणून येथे लूपच हवा, आणि तोही लूपच्या आत लूप. बाहेरचा लूप चाळीस फेऱ्या करतो. प्रत्येक फेरीत तो एक नवा ॲरे तयार करतो, आतला लूप त्यात पाच शून्ये भरतो आणि मग तो तक्त्यात ठेवला जातो. ‘नवा ॲरे तयार कर’ ही आज्ञा बाहेरच्या लूपच्या आत आहे, यावर सारे अवलंबून आहे. ती लूपच्या वर सरकवली, की पुन्हा सगळ्यांना ७२.

मुलांना आणखी एक प्रश्न विचारता येईल. फिलने बनवलेल्या त्या सदोष तक्त्यात तिसऱ्या विद्यार्थ्याच्या कप्प्यात अख्खा नवा ॲरेच ठेवला, तर? आधी अंदाज करायला सांगावे. त्या एका कप्प्यातला पत्ता बदलतो, म्हणून तो विद्यार्थी सुटा होतो; बाकीचे एकोणचाळीस एकमेकांना बांधलेलेच राहतात.