वास कुठून येतो?

दिवाळी जवळ आली की घरोघर साफसफाई निघते. माळे झाडले जातात, डबे घासून उन्हात पडतात, जळमटे उतरतात. आणि तरीही आलेला पाहुणा स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थबकतो. त्याच्या नाकाला जे कळते ते घरच्या माणसांना कळलेले नसते. यात घरच्यांचा दोष नाही. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणे सोडून देते. तेव्हा आपल्या स्वयंपाकघराची परीक्षा करायची ती बाहेरून आल्याबरोबर, पहिल्या दोन-चार श्वासांत.

पण परीक्षा करतो कोण? वास आला की आपण उदबत्ती लावतो, मोरीत फिनेल ओततो, बेसिनमध्ये डांबराच्या गोळ्या टाकतो. त्याने मूळचा वास जात नाही. एकाचे दोन वास होतात, एवढेच. मराठीत वास म्हणजे गंध, आणि वास म्हणजे राहणेही. जो वास येतो आहे तो नेमका कुठे वास करून आहे हे शोधले, की अर्धे काम झाले.

या शोधात आपली भाषाच मदतीला येते. आंबूस, खवट, कुबट, कुजका हे शब्द आपण घाईत एकमेकांच्या जागी वापरतो. पण प्रत्येकामागे वेगळे कारण आहे, आणि म्हणून उपायही वेगळा.

आंबूस

हा वास ओल्या कचऱ्याच्या बादलीचा. उरलेला भात, फळांच्या साली, चहाचा चोथा यांतल्या साखरेवर आणि पिठूळ भागावर सूक्ष्म जीव तुटून पडतात आणि आम्ले तयार होतात. त्यांना हवे असते पाणी. प्लास्टिकच्या पिशवीत सारे कोंबून वर घट्ट झाकण लावले की हवाही संपते, आणि हवेवाचून जगणाऱ्या जिवांचे राज्य सुरू होते. झाकण उघडताच जो भपकारा येतो तो त्यांचाच.

तात्पर्य, कचरा ओला म्हणायचा पण ठेवायचा कोरडा. खरकटे आधी चाळणीत निथळू द्यावे. चहाचा चोथा धुऊन पिळावा. बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालावा. बादली रोज रिकामी करावी आणि धुऊन उन्हात पालथी घालावी.

मासळीचा वास मात्र निराळा. तो ट्रायमिथिलअमाईन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ते द्रव्य अल्कधर्मी आहे. आंबट पदार्थाशी गाठ पडली की त्याचे क्षार होतात आणि ते हवेत उडेनासे होते. मासळीला लिंबू, चिंच किंवा आगळ लावण्याच्या कोकणातल्या रीतीमागे चवीइतकेच हेही रसायन आहे. हात, विळी आणि ओटा यांनाही लिंबाची फोड तितकीच लागू पडते.

खवट

हा तेलातुपाचा वास, आणि त्याचा खास हंगाम दिवाळी. चकल्या तळून झाल्या की कढईतले उरलेसुरले तेल मोरीत जाते. वर गरम पाणी ओतले की गृहिणीला वाटते, गेले. ते जाते फक्त पुढच्या वळणापर्यंत. तिथे गारठते, नळीला चिकटते, आणि त्यावर शिते अडकू लागतात. हळूहळू ते थर खवट होतात. म्हणून कढई आणि तुपाची भांडी घासण्यापूर्वी रद्दी कागदाने पुसून घ्यावीत. यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा उपाय सध्या फार सांगितला जातो. फेस मोठा येतो, समाधानही मोठे वाटते. पण एक आम्ल आणि एक अल्क. दोघे एकमेकांना संपवतात, आणि मागे उरते ते बहुतांशी खारट पाणी. सोडा घासायला वापरावा, व्हिनेगर क्षारांच्या डागांना. पण वेगवेगळ्या वेळी. ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे ॲसिड ही दोन तर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यांतून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

कुबट

हा ओल्या कापडाचा वास. ओटा पुसायचे फडके, भांडी घासायचा स्पंज, सिंकखालच्या कपाटात कोंबलेली पायपुसणी हे त्याचे आश्रयस्थान. फडके रोज उकळत्या पाण्यातून काढून ताणून वाळत घालावे, स्पंज वरचेवर बदलावा, आणि कपाटाचे दार रात्री उघडे ठेवावे.

कुजक्या अंड्याचा

हा वास ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही. तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एकही भाग नसताना माणसाच्या नाकाला तो कळतो. अन्नातला गंधक हवेवाचून कुजला की हा वायू निघतो, आणि गटारात तो नेहमीचाच असतो.

तो घरात येऊ नये म्हणून नळीला बाक देतात. बाकात थोडे पाणी कायम अडून राहते आणि वायूची वाट रोखते. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये शौचकूपासाठी अशा बाकाचे पेटंट घेतले. आपल्याकडे मोरीच्या जमिनीतल्या जाळीखाली जे पाणी अडवणारे भांडे असते त्याला इंजिनियरसुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजी तांत्रिक पुस्तकांतही हा आपला नहाणी शब्द तसाच जाऊन बसला आहे.

सुटीत महिनाभर घर बंद राहिले की हे पाणी आटते आणि गटाराचे दार उघडते. परत आल्यावर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. जाण्यापूर्वी वरून चमचाभर खाद्यतेल सोडले तर पाणी लवकर आटत नाही.

दळणारे यंत्र

काही नव्या घरांत आता सिंकखाली कचरा दळणारे यंत्र दिसते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रसीन गावी, जॉन हॅम्स या वास्तुशिल्पज्ञाने १९२७ साली ते तयार केले. १९३५ साली त्याला पेटंट मिळाले. आत पाती नसतात. फिरती तबकडी खरकटे भोवतालच्या खरखरीत कड्यावर आपटते आणि त्याचा भुगा पाण्याबरोबर वाहून जातो. त्याला वास येतो तो बहुधा तोंडावरच्या रबरी पडद्याच्या खालच्या बाजूने. तिथे अन्न चिकटते आणि ते कुणाला दिसत नाही. यंत्र बंद करून, विजेचे बटणही काढून, तो पडदा जुन्या ब्रशाने साबण लावून घासावा. यंत्र चालू असताना पाणी थंडच सोडावे, म्हणजे तूप वितळून पुढे जाऊन थिजत नाही; आणि दळण संपल्यावरही थोडा वेळ पाणी चालू ठेवावे. बर्फाचे खडे आणि जाडे मीठ घालून ते फिरवले की आतली बाजूही घासली जाते. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, नारळाच्या शेंड्या, कोथिंबिरीचे देठ मात्र त्यात घालू नयेत. धागे गुंडाळतात आणि यंत्र अडते.

दाराबाहेर

ज्या १९२७ साली रसीनला हे यंत्र झाले, त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या ढिगाला आग लागली तेव्हा तिचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. पुण्याच्या कचऱ्याचा वास उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसला, आणि २०१७ साली त्यांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. आपण पिशवीची गाठ मारतो आणि सुटलो म्हणतो. पण वास संपलेला नसतो, त्याचा पत्ता बदललेला असतो. ओले-सुके एकत्र कोंबलेली ती पिशवी कुणीतरी हाताने उकलते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती अशाच कचरावेचकांची, आणि त्यांत बहुसंख्य बायका. २०१६ च्या नियमांनी घरातच ओले आणि सुके वेगळे करणे बंधनकारक केले, पण नियम नसता तरी त्या बायकांचे आपल्यावर एवढे देणे होतेच.

ज्यांच्याकडे गॅलरीचा कोपरा आहे त्यांनी भोके पाडलेली कुंडी किंवा बादली घ्यावी. निथळलेल्या खरकट्यावर दर वेळी सुक्या पानांचा किंवा भुश्श्याचा थर द्यावा आणि आठवड्यातून एकदा वर-खाली करावे. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली असे समजावे. सुका पाला वाढवला की तो जातो. खत होत आले की मातीत राहणारे सूक्ष्म जीव जिऑस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ होतो पृथ्वीचा वास. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणारा गंध त्याचाच.

तीच केळ्याची साल, तोच भात. हवा कोंडली तर नाक धरायला लावतो, हवा मिळाली तर मृगाच्या सरीची आठवण देतो.