ओळीत बसलेल्यांचे गाणे

मैफलींच्या आठवणी आपल्याकडे उदंड लिहिल्या गेल्या. त्या गवयांच्या आहेत, त्यांच्या शिष्यांच्या आहेत, पुढे बसून माना डोलावणाऱ्या रसिकांच्याही आहेत. परंतु वाद्यवृंदात ओळीने बसून, समोरच्या कागदावरचे सूर इमानाने वाजवणाऱ्या वादकाला ‘तुम्हांला स्वतःला कोणत्या गाण्याने वेड लावले?’ असे विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. वडोदऱ्यास सूरसागर तळ्याकाठी उभे राहिले की हा प्रश्न हटकून मनात येतो.

याच शहरात १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. गुरूच्या मुखी अडकलेली चीज त्यांनी स्वरलिपीत बांधली. पुढे राज्याच्या संगीत विभागाची सूत्रे फ्रेडिलिस या पाश्चात्य संगीतज्ञाकडे आली आणि हिंदी वादकांचा वाद्यवृंद उभा राहिला. मराठी राजा, मुसलमान उस्ताद, गुजराती मुलूख आणि गोरा संगीतशिक्षक असा हा मेळ होता. मार्च १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यासच भरली, यात नवल नाही.

तथापि खरी अडचण वादकाच्या हातापाशी होती. आपला व्हायोलिनवादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायावर टेकतो आणि डावा हात तारेवरून मोकळेपणी सरकवतो. मींड निघते ती त्या सरकण्यातून. वाद्यवृंदात हेच वाद्य हनुवटीखाली धरायचे, सर्वांचे गज एकाच दिशेने चालवायचे आणि दोन स्वरांमधली जागा कागदावर नसेल तर घ्यायचीही नाही! त्याच शहरात दरबारचे गायक म्हणून उस्ताद फैयाझ खाँ १९५० पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, नांदत होते. त्यांच्या जयजयवंतीत नेमक्या त्याच न लिहिता येणाऱ्या जागा होत्या. ज्याने दिवसभर लिहिलेले वाजवले, त्याच्या कानाला त्या जागा श्रोत्याहून अधिक तीव्रतेने जाणवणार, असे आम्हांस वाटते. भुकेलेल्याला अन्नाची चव अधिक कळते.

मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ यांनी १९०३ साली बडोद्यात असतानाच फिडल शिकवणारे पुस्तक लिहिले, १९१० साली ते परदेशी गेले आणि सूफी विचाराचा प्रसार करता करता पुढे त्यांनी गाणेवाजवणेच सोडले. संगीताकडून जे मिळायचे ते आपल्याला मिळाले, अशी त्यांची भावना होती. हा त्याग थोर खरा. पण ओळीतल्या वादकाला तो परवडत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा गज हाती धरावाच लागतो.

हे सारे आपल्या किनाऱ्याला परके नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरवाचन शिकलेली कितीतरी मुले मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेली. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ च्या एका चित्रपटगीताने घरोघरी पोहोचले. ते शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेले वंदन होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक. गोन्साल्विसांना हिंदुस्थानी रागांनी झपाटले. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सारंग रागावर कॉन्चेर्टो रचला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गाण्यास बोलावले. बडोद्यात वरून, राजाज्ञेने जे घडू पाहत होते, ते इथे एका वादकाने आपल्या ओढीने केले. म्हणूनच आम्हांस ते अधिक मोलाचे वाटते. मुंबईतून व्हिएन्नास शिकायला गेलेल्या झुबिन मेहता यांनीही १९५४ साली तेथे पहिल्यांदा ऐकलेल्या ब्राह्म्सच्या सिंफनीची आठवण वारंवार सांगितली आहे. पण ते जगप्रसिद्ध संचालक. त्यांना विचारणारे पुष्कळ.

संगणकीय वाद्ये आली आणि मुंबईतले ते मोठे ताफे पांगले. त्यांतले जे वादक आज हयात आहेत, ते बहुतेक ऐंशीच्या घरात आहेत. कोणी साष्टीत, कोणी वसईत, कोणी गिरगावच्या एखाद्या खोलीत असेल. वडोदऱ्याचे विद्यापीठ, गोव्याची कला अकादमी आणि आकाशवाणी यांनी त्यांच्या दारी एक ध्वनिमुद्रक घेऊन जावे आणि तो एकच प्रश्न विचारावा. खर्च फारसा नाही. उत्तर देताना म्हाताऱ्याने कोपऱ्यातली पेटी उघडून व्हायोलिन काढले, तर यंत्र बंद करू नये, इतकेच.